सोय आणि सोयरा

'सोय' हा मराठीतील एक घरगुती शब्द आहे. पाहुणा आला की आपण त्याच्या निजण्याची सोय करतो, मुलगा शिकायला मुंबईस गेला की त्याच्या जेवणाची सोय लावतो, थकलेल्या आईबापांची सोय पाहतो. या शब्दाच्या शेजारीच 'सोयरा' हा शब्द बसलेला असतो. व्युत्पत्तीच्या दृष्टीने त्यांचे नाते असो वा नसो, कानाला ते एकाच घरातले वाटतात, आणि व्यवहारातही ते फार काळ एकत्र नांदत आले. कारण सोय आपोआप होत नसे. ती कोणीतरी करीत असे, आणि जो ती करी तो आपला कोणीतरी लागत असे. लागत नसला, तर त्या निमित्ताने लागू लागे.

आज आपल्या घरांत सोयी भरपूर आहेत. वाटण मिक्सर करतो, कपडे यंत्र धुते, जेवण फोनवरून मागवता येते, विजेचे बिल अंथरुणात पडल्यापडल्या भरता येते. 'फार सोय झाली', असे आपण समाधानाने म्हणतो. 'सोय केली कोणी?' असे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. आम्हांस या लेखात तोच प्रश्न थोडा पुढे नेऊन विचारावयाचा आहे. प्रत्येक सोय म्हणजे आपल्या डोक्यावरून उतरलेले एक ओझे होय. ते उतरले हे आपणांस लगेच कळते. परंतु उतरलेले ओझे गेले कोठे?

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. यंत्रांविरुद्ध गाऱ्हाणे मांडण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. धर्मगुरू लिहू लागला की तो जुन्या काळाचे गोडवे गाणार, अशी वाचकांची समजूत असते आणि ती अगदीच निराधार नाही. पण पाट्यावरच्या वाटणाची चव काही औरच, असे म्हणणारे बहुतेक पुरुष असतात, आणि त्यांतले फार थोडे कधी पाट्यापुढे बसलेले असतात. आमच्या पिढीने आपल्या आयांना वरवंटा ओढताना पाहिले आहे. पहाटे विहिरीचे पाणी, मग चूल, मग वाटण, मग शेतावर किंवा बाजारात माळवे घेऊन जाणे, असा त्यांचा दिवस असे. त्या कष्टांना कोणी संस्कृती म्हणो. ज्या हातांना ते करावे लागले त्यांना ते कष्टच होते.

प्रेशर कुकर आपल्या देशात १९५९ च्या सुमारास तयार होऊ लागले. त्यातील विज्ञान साधे आहे. वाफ कोंडली की दाब वाढतो, आणि एरवी शंभर अंशांवर उकळणारे पाणी सुमारे एकशेवीस अंशांपर्यंत तापते. जी डाळ शिजायला तासभर लागे ती पंधरा-वीस मिनिटांत शिजते. सरपण वाचते आणि धुरात बसणेही वाचते. १९६३ साली मुंबईत सत्यप्रकाश माथुर यांनी 'सुमीत' मिक्सरचा उद्योग उभारला. परदेशी मिक्सर आपल्या खोबऱ्या-मिरचीच्या वाटणापुढे हात टेकत असत. या मिक्सरची मोटर आपल्या स्वयंपाकघराचा विचार करून बनविलेली होती. या दोन वस्तूंनी आपल्या आयाबहिणींच्या पाठी आणि डोळे जेवढे वाचविले, तेवढे कित्येक भाषणांनी वाचविले नसतील. येथे ओझे कोठे गेले? ते वाफेने आणि विजेने उचलले. कोणा दुसऱ्या माणसाच्या पाठीवर ते गेले नाही. अशा सोयीबद्दल देवाचे आभार मानावेत आणि ती आनंदाने वापरावी.

तथापि येथेही थोडा हिशोब उरतोच. मे महिन्यात घरोघर मसाला कांडावयास येणाऱ्या बायका आमच्या वसई परिसरातील जुन्या वाचकांस आठवत असतील. मिरच्या, धणे, हळद अंगणात वाळत घातलेली असे, आणि उखळीत मुसळे तालात पडत असत. कांडप गिरणी आली आणि त्या बायकांचे दंड दुखावयाचे थांबले; त्याबरोबर त्यांची हंगामाची मजुरीही थांबली. गिरणी नको होती, असे कोणी म्हणणार नाही. पण ज्या घरांनी त्या बायकांना पुढे दुसरे काही काम दिले, निदान सणाला त्यांची आठवण ठेवली, त्या घरांना सोय आणि सोयरा यांतला संबंध कळला होता, एवढे मात्र म्हणता येईल.

आता स्वयंपाकघरातून बाहेर, खानावळीकडे वळू. बाहेरचे जेवण ही माणसाने माणसाची केलेली सोय आहे. येथे ओझे वाफेवर टाकून भागत नाही. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून, घाटावरून आलेले हजारो कामगार खोलीत दाटीवाटीने राहत आणि एखाद्या बाईच्या खानावळीत महिन्याच्या बोलीवर जेवत. त्या खानावळवालीला आपल्या दहा-वीस जेवणाऱ्यांपैकी कोणाला तिखट सोसत नाही, कोण रात्रपाळीला आहे, कोणाच्या घरून पत्र आले नाही, हे ठाऊक असे. पगार लांबला, संप झाला, तरी ती उधारीवर जेवू घाली आणि त्यासाठी स्वतः सावकाराचे कर्ज काढी. तिचे हे ओझे कोणाच्या डोळ्यांना दिसत नव्हते. ते ज्यांनी पाहिले त्या प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केले, या बायकांना एकत्र आणले आणि सावकाराऐवजी बँकेचे कर्ज मिळवून दिले. जेवणाऱ्यांची सोय करणाऱ्या बाईचीही सोय कोणी पाहावयाची असते, हे त्यांनी दाखविले.

मुंबईचे डबेवालेही याच परंपरेतले. १८९० साली महादू हावजी बच्चे यांच्यापासून ही व्यवस्था सुरू झाल्याचे सांगतात. घरचे जेवण घरच्या माणसापर्यंत पोचविणे, एवढेच त्यांचे काम. तेही दुसऱ्याचे ओझे वाहतात, अगदी शब्दशः, डोक्यावरच्या लांब लाकडी खोक्यात वाहतात. पण प्रत्येक टोळीचे सभासद मिळकत आपसात वाटून घेतात, गिऱ्हाइकाचे घर त्यांच्या परिचयाचे असते, आणि गिऱ्हाइकालाही आपला डबेवाला ठाऊक असतो. म्हणजे दुसऱ्याचे ओझे वाहण्यात कमीपणा नाही. ते वाहणाऱ्याला त्या व्यवस्थेत स्थान आहे काय, त्याचे म्हणणे कोणी ऐकते काय, हा खरा प्रश्न आहे.

मात्र जुन्या काळाला येथेही सोन्याचा मुलामा देऊ नये. त्याच मुंबईच्या हॉटेलांत दहा-बारा वर्षांची मुले फडके घेऊन टेबले पुसत असत. 'पोऱ्या' हेच त्यांचे नाव. आपण चहा पिऊन उठत असू, आणि तो कोणत्या गावचा, रात्री कोठे निजतो, हे विचारीत नसू. हॉटेले, ढाबे आणि घरकाम यांत चौदा वर्षांखालील मुलांना कामाला ठेवण्यास बंदी ऑक्टोबर २००६ मध्ये आली. तेव्हा, समोर उभा असलेला माणूसही आपणांस दिसेनासा होऊ शकतो. त्यासाठी फोनची गरज नसते. नवीन साधनांनी एवढेच केले आहे की पूर्वी नजर वळवावी लागे; आता तीही वळवावी लागत नाही.

घरपोच जेवणाविषयी आमचे जे मत बनले आहे ते याच ठिकाणी येते. फोनच्या पडद्यावर नकाशा दिसतो, नकाशावर एक चिमुकली दुचाकी सरकत असते. ती थांबली की आपण अस्वस्थ होतो. चित्रातल्या दुचाकीला ऊन लागत नाही, तिच्या चाकाखाली खड्डा येत नाही, तिला तहान लागत नाही. प्रत्यक्षातल्या तरुणाला हे सर्व होते. गेल्या काही वर्षांत तर काही कंपन्यांनी 'दहा मिनिटांत घरपोच' अशा जाहिराती केल्या. आपला वेळ वाचला, हे खरे. पण तो वेळ कोठून आला? तो सिग्नलवरच्या घाईतून आला, पावसात न थांबता पुढे गेल्यामुळे आला. आपली थांबण्याची पाळी दुसऱ्याने आपल्या अंगावर घेतली.

एवढे झाल्यावर आपण तारे देतो. जेवण कसे होते, पोचविणारा कसा होता, पाचपैकी किती? खानावळीत आमटी खारट झाली तर आपण तोंडावर सांगत असू, आणि खानावळवालीही तोंडावर उत्तर देत असे. दोघांचेही म्हणणे होऊन जाई. येथे एक बाजू न्यायाधीश होते आणि दुसरी बाजू ऐकून न घेताच निकाल लागतो. भात थंड झाला तो वाहतुकीमुळे की हॉटेलाने उशिरा दिल्यामुळे, हे आपणांस ठाऊक नसते; तरी एका बोटाने दिलेल्या निकालाचा परिणाम त्या तरुणाच्या पुढच्या कामावर होऊ शकतो. न्यायाचा पहिला नियम असा की, ज्याच्यावर आरोप आहे त्याला बोलू द्यावे. तो नियम आपण न्यायालयासाठी राखून ठेवला आहे आणि आपल्या उंबरठ्यावर विसरलो आहोत.

काही मोठ्या इमारतींत 'सामान पोचविणाऱ्यांनी ही लिफ्ट वापरू नये' अशा पाट्या लावलेल्या दिसतात. आम्ही त्या वाचतो तेव्हा मनात येते की, जे अन्न आपण ताटात घेणार ते या लिफ्टमधून आलेले चालते, ते आणणारे हात तेवढे चालत नाहीत. शिवाशिवीच्या ज्या रीती आपण टाकल्या असे समजतो, त्या नव्या इमारतींत नवे कपडे घालून परत येत नाहीत ना, हे तपासून पाहावे.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो योग्य आहे. हे तरुण स्वखुशीने काम करतात. कित्येकांच्या घरी त्यावर चूल पेटते. आपण मागविणे बंद केले तर त्यांचेच नुकसान. आपण पैसे मोजले, त्यांनी काम केले, व्यवहार संपला. यात आणखी देणे ते काय उरले?

पैसे मोजल्याने वस्तूचा व्यवहार संपतो. माणसाचा संपतोच असे नाही. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली 'रेरुम नोव्हारुम' हे विश्वपत्र लिहिले, तेव्हा कारखान्यांच्या मालकांचेही म्हणणे हेच होते की, मजुराने वेतन कबूल केले आहे, मग अन्याय कसला? लिओंनी उत्तर दिले की करारापेक्षा जुना आणि वरचा असा एक नैसर्गिक न्याय आहे; गरजेपोटी किंवा आणखी वाईट होईल या भीतीने माणसाने अपुरे वेतन पत्करले, तर तो स्वखुशीचा करार नसून त्याच्यावर झालेली जबरदस्ती आहे. २०२५ साली निवडून आलेल्या पोप लिओ चौदावे यांनी हेच नाव घेण्यामागील कारणांत या विश्वपत्राचा उल्लेख केला आणि आजच्या यंत्रबुद्धीच्या युगात श्रमाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न पुन्हा उभा राहिल्याचे सांगितले.

आपल्या देशातही हा प्रश्न लहान नाही. नीती आयोगाने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२०-२१ मध्ये अशा प्रकारे कामावारी राबणाऱ्यांची संख्या ७७ लाख होती आणि २०२९-३० पर्यंत ती २ कोटी ३५ लाख होईल असा अंदाज आहे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने त्यांना प्रथमच कायद्यात नाव दिले. ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. कंपन्यांनी आपल्या वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम या लोकांच्या सुरक्षेसाठी द्यावी, अशी तरतूद तीत आहे. कायदा आपले काम करो. पण कायद्याला उंबरठ्याच्या आत येता येत नाही. तेथे आपणच असतो.

द्राक्षमळ्यातील मजुरांचा दाखला आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. धन्याने शेवटच्या तासाला आलेल्यांनाही पूर्ण दिवसाचे वेतन दिले, यावरच आपण बहुधा बोलतो. परंतु ते मजूर दिवसभर बाजारात उभे होते, कोणी कामाला लावले नाही म्हणून उभे होते, ही गोष्टही त्या दाखल्यात आहे. हॉटेलांच्या कोपऱ्यावर, दुचाकीला टेकून, हातातल्या फोनकडे पाहत उभे असलेले तरुण आपण रोज पाहतो. त्यांना बहुधा फेरीचे पैसे मिळतात, उभे राहण्याचे नाही. धन्याने मात्र त्यांचे उभे राहणेही मोजले. न्याय आणि औदार्य यांत आपण जेवढे अंतर समजतो, तेवढे त्याला वाटले नसावे.

उतरलेले ओझे जाण्याचे आणखी एक ठिकाण आहे, आणि ते आपल्या घरातच आहे. ऑनलाईन सेवांविषयी आमचा अनुभव एकंदरीत कृतज्ञतेचा आहे. एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय सुरू झाले, आणि आज बाजारातल्या कोळणीच्या टोपलीशेजारीही चौकोनी चित्राची पाटी उभी असते. सुट्ट्या पैशांवरून होणारी वादावादी गेली, रोकड सांभाळण्याची चिंता कमी झाली. उपनगरी गाडीचे तिकीट २०१४ च्या अखेरीस मोबाईलवर मिळू लागले, तेव्हा वसई रोड स्थानकावरच्या रांगेत आयुष्याचे कित्येक तास घालविलेल्यांनी सुटकेचा श्वास टाकला. हे सर्व चांगलेच झाले.

पण खिडकीमागचा कारकून उठून गेला, तेव्हा त्याचे काम संपले नाही. ते खिडकीबाहेरच्या माणसाकडे आले. अर्ज आपणच भरावयाचा, कागद आपणच चढवावयाचे, ओटीपी आपणच सांभाळावयाचा. ज्याला हे येते त्याचे ओझे उतरले. ज्याला येत नाही त्याचे दुप्पट झाले. सेवानिवृत्तांना दर वर्षी आपण हयात असल्याचा दाखला द्यावा लागतो. त्यासाठी नोव्हेंबर २०१४ मध्ये 'जीवन प्रमाण' ही सोय झाली: अंगठा टेकवावा आणि हयात असल्याचे सिद्ध करावे. पण वयाने आणि कष्टांनी बोटांवरच्या रेषा झिजतात. नांगर, कोयता, जाळे आणि धुण्याचा दगड यांवर ज्यांची बोटे झिजली, त्यांनाच यंत्र ओळखीत नाही. रेशन दुकानातही हेच घडते. पुढे चेहरा ओळखण्याची सोय आली, आणि ते बरे झाले. तरीही ज्या हातांनी सर्वांत अधिक काम केले, तेच हात यंत्राला कोरे दिसावेत, ही गोष्ट आम्हांस विचार करावयास लावते. खिडकीमागचा कारकून खेकसत असेल, पण समोरची आजी जिवंत आहे एवढे त्याला दिसत तरी असे.

याच ठिकाणी सोयऱ्याची पुन्हा गरज पडते. नातवाने दहा मिनिटे काढली तर आजोबांचे काम होते. पण नातू बहुधा 'द्या इकडे, तुम्हांला नाही जमायचे' असे म्हणून फोन हिसकावून घेतो आणि काम उरकतो. काम होते, आणि म्हातारा माणूस आपल्याच घरात थोडा अधिक परावलंबी होतो. ज्यांना घरी नातूही नाही, ते परक्याच्या हाती फोन देतात, आणि ठकसेनांची धाड अशांवरच पडते.

मग काय करावे? फोन टाकून द्यावा, मिक्सर विकावा, असे आम्ही सुचविणार नाही. ते आम्हीही करणार नाही. आम्ही सुचवितो त्या गोष्टी लहान आहेत. दारात आलेल्याला त्याचे नाव विचारावे आणि पाणी द्यावे. आपल्या आळ्यांत घरांचे क्रमांक सापडत नाहीत; तेव्हा पत्ता नीट लिहावा आणि खुणेच्या क्रुसापर्यंत स्वतः चालत जावे. धो धो पावसात केवळ जिभेच्या लहरीसाठी कोणाला रस्त्यावर काढू नये. तारा कमी करण्याआधी, त्या माणसाला बोलण्याची संधी मिळाली असती तर तो काय म्हणाला असता, याचा क्षणभर विचार करावा. सोसायटीच्या सभेत लिफ्टच्या पाटीचा विषय काढावा. तेथे पहिले वाक्य बोलणे कठीण असते, पण ते कोणीतरी बोलावेच लागते. आणि धर्मग्रामातील तरुणांनी रविवारच्या मिस्सेनंतर तासभर एक टेबल मांडून बसावे: ज्यांना दाखला, अर्ज, बँक यांत अडचण आहे त्यांना शिकवावे, फोन त्यांच्याच हातात ठेवून शिकवावे. नोव्हेंबर महिन्यात आपण मृतांसाठी प्रार्थना करतो. त्याच महिन्यात जिवंतांना आपण जिवंत आहोत हे सिद्ध करण्यास मदत करणे, हेही त्या प्रार्थनेस शोभून दिसेल.

ही भूतदया नव्हे. ज्याने आपले ओझे उचलले तो आपला कोणीतरी लागतो, या जुन्या जाणिवेचा हा हिशोब आहे. यंत्राने उचलले तर प्रश्न नाही. माणसाने उचलले असेल, तर पैसे देऊन झाल्यावरही तो आपला सोयराच राहतो.

काना गावच्या लग्नात द्राक्षारस संपला आणि यजमानांची लाज राखली गेली, हे आपण जाणतो. सहा दगडी रांजण होते, एकेकात सुमारे शंभर लिटर पाणी मावेल असे. ते सारे पाणी कोणीतरी काढले, वाहिले, ओतले. पंगतीतल्या लोकांनी द्राक्षारसाची चव घेतली आणि भोजनकारभाऱ्याने त्याची वाखाणणी केली. पण तो आला कोठून हे त्याला ठाऊक नव्हते. योहान आपल्या शुभवर्तमानात आवर्जून नोंदवितो की, ज्या सेवकांनी पाणी काढले होते त्यांना ते ठाऊक होते. त्या सेवकांची नावे त्याने दिलेली नाहीत. परंतु चमत्काराच्या वर्णनात त्यांना जागा दिली आहे, आणि मेजवानीतले सत्य सर्वांत आधी त्यांनाच कळले, असे सांगितले आहे.